गव्हाची राखण

शेतकऱ्यानं आपल्याच रानातला गहू पुढच्या हंगामात पेरला, तर त्याबद्दल तो कोणाचं काही देणं लागतो का? माझा भाऊ म्हणतो, छदामसुद्धा नाही. माझी मुलगी म्हणते, लागतो. थोडं, पण लागतो. भाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. मुलगी कॅनडात, सस्कॅटूनच्या विद्यापीठात, गव्हाचे नवे वाण घडवण्याचं शास्त्र शिकते आहे. एका जुलैत आम्ही दोघं भावंडं तिच्याकडे गेलो. तिनं आम्हाला इंडियन हेडला नेलं आणि तिथल्या बांधावर पेटलेला हा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत विझला नाही. मी मराठीची शिक्षिका. गव्हातलं मला पोळीपलीकडे फारसं कळत नाही. तरी दोघांनीही मला पंच मानलं, आणि मी आळीपाळीनं दोघांच्या बाजूला मान डोलावत राहिले.

इंडियन हेड हे रेजायना शहराच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवरचं लहानसं गाव. तिथलं सरकारी प्रयोगक्षेत्र १८८७ पासूनचं. बघायला गेलं तर बघण्यासारखं काहीच नाही. अरुंद पट्ट्यांत पेरलेला हिरवा गहू, प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला खुंटी, खुंटीवर आकडे. क्षितिजापर्यंत एक टेकाड नाही. दादानं ढेकूळ उचललं, बोटांत दाबलं, "आपल्यासारखीच चिकट काळी," म्हणाला आणि लगेच मुद्द्यावर आला.

"एकरी किती उतरतो?"

"पन्नास बुशेल. म्हणजे साडेतेरा क्विंटलच्या आसपास. वर्ष बरं गेलं तर."

"बस? एवढी माती, एवढाली यंत्रं, अन् साडेतेरा? आमच्याकडं वेळच्या वेळी पाणी देणारा गडी अठरा-वीस काढतो."

"मामा, त्यातलं एक तरी पाणी इथे कुठे दिसतंय का बघा. वर्षाचा पाऊस साडेतीनशे-चारशे मिलिमीटर, त्यातला काही बर्फ होऊन पडतो. मेमध्ये पेरायचं आणि सप्टेंबर सरायच्या आत घरात आणायचं. मधले शंभर-एकशेदहा दिवसच काय ते असे, की रात्री दव गोठत नाही."

"आम्हाला उन्हाची भीती. मार्चात ऊन तापलं की दाणा बारीक राहतो."

"तेच सांगते. तुम्हाला ऊन गाठतं, यांना थंडी. गहू लवकर पिकायला हवा, ही गरज दोघांचीही. आणि म्हणूनच आपल्याकडचा गहू इथे आला."

हे दादाला नवीन होतं; मलाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रेअरीच्या या मैदानांवर रेड फाइफ नावाचा गहू पेरला जायचा. मुळात युक्रेनच्या बाजूचा. १८४२ च्या सुमारास ग्लासगोहून थोडं बियाणं ऑन्टॅरिओतल्या डेव्हिड फाइफ या शेतकऱ्याच्या हाती लागलं आणि त्याचं नाव त्या गव्हाला चिकटलं. पाव उत्तम व्हायचा, पण पीक उशिरा यायचं. ऑगस्ट संपता संपता एखादी रात्र गोठली की चिकातला दाणा सुरकुतून जायचा आणि वर्ष बुडायचं. सरकारनं १८८६ मध्ये कायदा करून पाच प्रयोगक्षेत्रं काढली. त्यांचा पहिला प्रमुख विल्यम सॉन्डर्स, हा मूळचा औषधविक्रेता. त्यानं जगभरातून लवकर येणारे गहू मागवले. त्यांत एक होता 'हार्ड रेड कॅलकटा'.

"हा कुठला वाण?" दादानं विचारलं.

"वाण नव्हेच. व्यापाऱ्यांच्या मालाचं नाव ते. कलकत्त्याच्या बंदरातून जो कडक लाल गहू जहाजावर चढायचा, तो. त्यात सरमिसळ असायची."

"पिकवला कोणी?"

"त्याची नोंद नाही."

दादानं नुसतं "हं" केलं. ते "हं" पुढे कामाला येणार हे माझ्या लक्षात आलं.

सॉन्डर्सच्या पर्सी या मुलानं १८९२ मध्ये रेड फाइफ आणि त्या कलकत्त्याच्या गव्हाचा संकर केला. संकराची संतती मग दुसऱ्या मुलाकडे, चार्ल्सकडे आली. चार्ल्स रसायनशास्त्र शिकलेला, पण जीव संगीतात. त्यानं १९०४ च्या सुमारास एकेक ओंबी वेगळी काढून तपासायला सुरुवात केली. प्रत्येक ओंबीचे मूठभरच दाणे. दळून पाव भाजावा एवढं पीठ कुठून येणार? म्हणून तो दाणे चावायचा. पिठूळ भाग गिळला जाईपर्यंत चावत राहायचा आणि मागे उरलेला चिकट गोळा दातांनी ताणून बघायचा. ज्याचा गोळा रबरासारखा ताणला जाईल त्याचा पाव फुगणार, हा त्याचा अंदाज. पुढे भट्टीत पाव भाजला तेव्हा तो खरा ठरला.

"आम्ही पण दाताखाली दाणा फोडतो," दादा म्हणाला. "कट् असा आवाज आला म्हणजे वाळला. कणगीत भरायला हरकत नाही."

चार्ल्सनं निवडलेल्या त्या गव्हाचं नाव मार्क्विस. १९०७ मध्ये त्याचं बियाणं चाचणीसाठी इथे, इंडियन हेडला आलं; १९०९ पासून शेतकऱ्यांना मिळू लागलं. रेड फाइफपेक्षा आठवडाभर तरी आधी पिकायचा, आणि पाव तितकाच चांगला. रॉस्थर्न गावच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्यानं १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मार्क्विस ठेवला आणि रेल्वे कंपनीनं लावलेलं हजार डॉलरचं सोन्याचं बक्षीस पटकावलं. १९२० पर्यंत प्रेअरीवरच्या गव्हाखालच्या जमिनीपैकी नव्वद टक्के जमिनीत मार्क्विस होता.

"मग त्याचे पैसे कोणाला मिळाले?"

"कोणालाच नाही. सरकारी काम होतं, सरकारनं बियाणं वाटलं. चार्ल्सला १९३४ मध्ये 'सर' केलं, तेवढंच."

"अन् कलकत्त्याकडच्या त्या शेतकऱ्याला?"

मुलगी बोलली नाही.

"घेतला ते चांगलंच केलं. बी असंच फिरायला पाहिजे, या हातातून त्या हातात. पण कोण्या अनाम माणसाच्या बापजाद्यांनी निवडलेलं बी तुम्ही फुकट नेलं, त्यावर वाण उभे केले, अन् आता शेतकऱ्यानं स्वतःच्या कणगीतलं पेरलं तरी पैसे मागता. हा कुठला हिशेब?"

दादाच्या या प्रश्नाला मी मनात एक पुरवणी जोडली. इंडियन हेडच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर फोर्ट क्वापेल आहे. १८७४ मध्ये क्री, सोल्टो आणि असिनीबॉइन लोकांशी तिथे करार करून ब्रिटिश राजसत्तेनं हा सगळा मुलूख मोकळा करून घेतला. राखीव वस्तीतल्या ज्या आदिवासींनी नेटानं शेती धरली, त्यांना १८८९ नंतर सरकारी धोरणानं यंत्रं वापरायची बंदी केली. विळ्या-कुदळीवर राहा म्हणाले. प्रेअरीच्या गव्हाची गोष्ट सांगताना रेल्वे, सॉन्डर्स आणि सोन्याचं बक्षीस येतं. हे सहसा येत नाही. पण पंचानं मधे बोलायचं नसतं.

मुलीनं दुसरीकडून सुरुवात केली. "मामा, मार्क्विस आज कोण पेरतं?"

"कोण?"

"कोणी नाही. १९१६ साली खोडावरचा तांबेरा आला आणि प्रेअरीवरचं सुमारे दहा कोटी बुशेल पीक गेलं. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात. टेक्सास, मेक्सिकोकडे हिवाळ्यात गहू उभा असतो, तिथून निघतात आणि जसजसा उत्तरेचा गहू तयार होत जातो तसे टप्प्याटप्प्यानं वर सरकतात. थांबवायला मधे ना डोंगर ना समुद्र."

"आमच्याकडं निलगिरीवरून येतो. महाबळेश्वरला त्याचंच केंद्र आहे की! लोक स्ट्रॉबेरी खाऊन परत येतात, त्यांना पत्ता नसतो."

इथे दोघंही खुलले. पुढचा अर्धा तास वाद बाजूला राहून गप्पा तांबेऱ्याच्याच झाल्या. त्यात मार्गारेट न्यूटन या बाईंची हकिकत निघाली. मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेल्या; कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या कॅनेडियन स्त्री. विनिपेगला १९२५ मध्ये तांबेऱ्यासाठी खास प्रयोगशाळा काढली, तिथे त्या आल्या. तांबेरा एक नसतो, त्याच्या कितीतरी जाती असतात; एकीला दाद न देणारा गहू दुसरीपुढे मान टाकतो. कोणत्या वर्षी कोणती जात वाऱ्यावर आहे, हे न्यूटनबाई वर्षानुवर्षं नोंदवत राहिल्या. ते विटकरी भुकटीसारखे बीजाणू रोजच श्वासाबरोबर आत जायचे. फुप्फुसं इतकी बिघडली की १९४५ मध्ये त्यांना काम सोडावं लागलं.

"त्यांच्या नोंदींवर पैदासकारांनी काम केलं. १९३५ च्या साथीनंतर थॅचर पसरला, मिनेसोटाचा. त्याच्या वंशात मार्क्विस दोनदा येतो, म्हणजे तुमचा कलकत्तावाला दोनदा. थॅचरनं पंधरा-एक वर्षं काढली. मग १९५० च्या सुमारास तांबेऱ्याची १५-बी नावाची जात उसळली, थॅचर पडला आणि १९५४ मध्ये सेल्कर्क आणावा लागला. पुढे नीपावा, बॅरी, आता ए.ए.सी. ब्रँडन. आणि आता तांबेऱ्यापेक्षा ओंबीवरच्या फ्युझेरियम बुरशीची धास्ती जास्त. दाणा गुलाबी-पांढरा पडतो, त्यात विष धरतं. कोणताही वाण कायमचा नसतो मामा. तुम्ही कणगीत ठेवता ते बी तेच राहतं, बाहेरचा रोग तो राहत नाही. म्हणून पैसे मागतात ते बियाण्याचे नाहीत. राखणीचे आहेत."

दादा या वाक्याची वाटच बघत असावा.

"राखणीचे ना? मग गावच्या जागल्याला आपण काय द्यायचो? सुगी झाली की खळ्यावर बलुतं. राखण केली म्हणून रान नव्हतो त्याच्या नावावर करून देत."

"आणि बलुतं किती द्यायचात?"

"असेल ते. शेर-पायली."

"कधी? सगळ्यांचं मापून झालं की सगळ्यात शेवटी. खळ्यावरचं मातेरं झाडून त्याच्या पदरात. मामा, ते बलुतं कसं होतं हे जागल्याच्या घरी जाऊन विचारा."

दादानं मान खाली घातली आणि पुन्हा एक ढेकूळ उचललं. माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच होतं. पोरीनं ते तिथेच सोडलं नाही. न्यूटनबाईंच्या प्रयोगशाळेतून पुढे वाढलेलं विनिपेगचं धान्य संशोधन केंद्र सरकारनं बंद करायचं ठरवलं २०१२ मध्ये, आणि २०१४ मध्ये केलंही. काही माणसं मॉर्डनला गेली, काही ब्रँडनला. "हे आपलं मातेरं," ती म्हणाली.

काम असतं तरी काय, हे तिनं दुपारी सस्कॅटूनला परतल्यावर काचगृहात दाखवलं. गव्हाचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. उमलण्याआधीच आत सगळं उरकलेलं असतं. म्हणून संकर करायचा तर त्याच्या आधी गाठावं लागतं. तिनं एक ओंबी घेतली, वरची-खालची फुलं खुडली, मधल्या फुलांची टोकं कात्रीनं छाटली आणि चिमट्यानं एकेका फुलातले तीन-तीन हिरवे पुंकेसर उचलून टाकले. एक जरी राहिला तरी मेहनत फुकट. वर कागदी पिशवी चढवली, त्यावर तारीख टाकली. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. दादाची बोटं जाड, पण द्राक्षाचे घड विरळणाऱ्या माणसाची. त्याला एक ओंबी दिली तर त्यानं ती मुलीइतक्याच वेळात पुरी केली. चष्मा मात्र माझा लावला.

मग मक्याची गोष्ट आली तेव्हा तो हसायलाच लागला. संकरातून झालेल्या रोपांच्या ओंब्यांवर मक्याचे पराग टाकतात. गर्भ धरतो, पण मक्याचा वाटा त्यातून आपोआप गळून जातो आणि गव्हाच्या गुणसूत्रांचा अर्धा संच तेवढा मागे राहतो. तो इवलासा गर्भ काढून बाटलीत वाढवायचा, कोल्चिसिन हे औषध लावून अर्ध्याचा पूर्ण संच करायचा. जे रोप मिळतं ते पहिल्याच फटक्यात स्थिर. पाच-सहा पिढ्या थांबायला नको. शिवाय इथे बर्फ असतो तेव्हा बियाणं न्यूझीलंडला धाडून वर्षात दोन पिकं घेतात. एवढं करूनही पहिल्या संकरापासून शेतकऱ्याच्या पिशवीपर्यंत दहा-एक वर्षं जातात. शेवटी दोन-तीन वर्षं ठिकठिकाणच्या चाचण्या, आणि त्यावर उत्पादन, रोग आणि दर्जा बघणाऱ्या तीन गटांची मंजुरी. दर्जात जरा उणा असला तर बाद. भरघोस पिकणारा पण पावाला हलका असा गहू कॅनडाच्या पहिल्या प्रतीत बसत नाही. एकरी साडेतेराचं थोडं रहस्य तिथेही आहे.

"दहा वर्षं पगार कोण देतं?" दादानं विचारलं, आणि वाद पुन्हा मूळ पदावर आला.

सरकार देतं, विद्यापीठं देतात, आणि शेतकरीही देतात. गहू विकला की टनामागे साधारण एक डॉलर संशोधन आणि बाजारासाठी कापून घेतला जातो. दादाला हे पसंत पडलं, कारण त्या पैशावर शेतकऱ्यांनीच निवडलेल्या मंडळाचा ताबा असतो. कॅनडानं २०१५ मध्ये वाणांच्या मालकीचा कायदा कडक केला, त्यातही घरचं बी ठेवायची मुभा राहिली. पण ती सवलत म्हणून. मग २०१८ मध्ये सरकारनं दोन पर्याय मांडले. एक, प्रत्येक टन विकताना वाणाच्या मालकाला रॉयल्टी. दुसरा, घरचं बी दर वर्षी पेरण्याबद्दल करार आणि शुल्क. सभांमधून शेतकरी उठून बोलले, आणि प्रस्ताव गुंडाळून ठेवावा लागला.

"शाबास!" दादा म्हणाला. "आपला २००१ चा कायदा बघ. कलम ३९. शेतकरी बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूसुद्धा शकतो. फक्त कंपनीचं नाव छापून विकायचं नाही. सवलत नव्हे, हक्क. गुजरातेत बटाट्यावरून एका कंपनीनं शेतकऱ्यांना कोर्टात खेचलं होतं, दावे मागे घ्यावे लागले."

"हक्क आहे, छान. पण त्या हक्कानं तांबेरा थांबतो का? कनोला बघा." वाटेत आम्ही मैलोन्‌मैल पिवळीधमक शेतं बघितली होती. "त्यात बी दर वर्षी विकतच घ्यावं लागतं, म्हणून कंपन्या पैसा ओततात. गव्हाचं बी शेतकरी ठेवतो, म्हणून कंपन्या फिरकत नाहीत. सरकार हात आखडतंय. मग राखायचं कोणी?"

"कनोला काढला कोणी?"

ती हसली. कारण उत्तर तिच्या विरुद्ध जात होतं. मोहरीच्या कुळातल्या एका कडवट तेलबीतून माणसाच्या खाण्याजोगं तेल देणारा कनोला काढला तो कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफन्सन या दोघांनी, साठ-सत्तरच्या दशकांत, सरकारी आणि विद्यापीठाच्या पगारावर.

"म्हणजे बाळंतपण सरकारी दवाखान्यात, अन् पोरगं कमावतं झाल्यावर कंपनीच्या घरी," दादा म्हणाला. "अन् दर वर्षी विकत घेणारा शेतकरी कंपनीला पाहिजे तेच पेरणार. तणनाशक सोसणारा गहू आणायला निघाले होतेच ना इकडं?"

"२००४ मध्ये गुंडाळला. जपान आणि युरोपची गिऱ्हाइकं घेणार नाहीत, म्हणून इथले शेतकरी आणि गहू मंडळ दोघंही आडवे आले."

"ते मंडळ आहे अजून?"

"त्याची एकाधिकार खरेदी २०१२ मध्ये संपवली."

"म्हणजे पुढच्या खेपेला आडवं यायला एक माणूस कमी."

मला विचाराल तर मुलीचं निदान बरोबर आहे आणि दादाचं भय बरोबर आहे. ऑस्ट्रेलियानं टनामागे रॉयल्टीची वाट धरली; तिथली गव्हाची पैदास आता बहुतेक कंपन्यांच्या हाती आहे आणि वाण निघताहेत, बरे निघताहेत. इंग्लंडनं केंब्रिजची नामांकित पैदास संस्था १९८७ मध्ये विकून टाकली. कोणी उपाशी मेलं नाही. पण दहा वर्षं ज्याचा उपयोग दिसणार नाही, किंवा साथ आलीच नाही तर कधीच दिसणार नाही, असं न्यूटनबाईंसारखं काम कोणत्या ताळेबंदात बसेल, हे मला दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

रात्री जेवताना दादानं आपली तडजोड मांडली. "टनाला दोन डॉलर घ्या. एकाचे दोन करा, माझी ना नाही. पण पैसा शेतकऱ्यांच्या मंडळाकडं, कंपनीकडं नाही. दुसरं, ज्याच्या पैशातून वाण झाला त्याला घरचं बी ठेवायचा हक्क, कायद्यात, सवलत म्हणून नाही. तिसरं, ज्या मुलखातून बी आणलं असेल त्या मुलखाला तयार वाण फुकट."

"पहिली अट इथल्या शेतकऱ्यांना पटेल," मुलगी म्हणाली. "दुसरीवर वकील बसतील. तिसरीसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे आधीच, भारत आणि कॅनडा दोघंही त्यात आहेत. नफ्यातला वाटा द्यायचं कलमही आहे, पण पैसा फारसा जमत नाही. आणि समजा मिळालं फुकट, तरी निफाडला नेऊन करणार काय? इथला बराचसा गहू सोळा तासांच्या दिवसाला सरावलेला. तुमच्या अकरा तासांच्या दिवसात ओंबी काढायलाच तो इतका रेंगाळेल की दाणा भरायच्या आत मार्चचं ऊन येईल."

"पेरायला कोण मागतंय?" दादा म्हणाला. "संकराला वापरू. यांनी तेच केलं ना?"